नांगीच्या झाडावरचा अँटेना

2020 च्या पावसाळ्यातली गोष्ट पुष्कळांच्या आठवणीत असेल. शाळा बंद होत्या, वर्ग मोबाइलवर भरत होते. पुण्या-मुंबईची मुले कानांत इअरफोन घालून खिडकीपाशी बसली होती, आणि त्याच वेळी कोकणातल्या वाड्यांवरची मुले रेंज शोधत डोंगर चढत होती. कुणी कातळावर ताडपत्री बांधली, कुणी खोपी उभारली, कुणी झाडाच्या फांदीवर बसून धडा ऐकला. वर्तमानपत्रांत फोटो आले. मुलांच्या जिद्दीचे कौतुक झाले. ते योग्यच होते. पण त्या कौतुकात एक साधा प्रश्न बुडून गेला. डोंगर चढल्यावर जी रेंज मिळते, ती डोंगरावरून खाली वाडीत उतरवता येत नाही का?

येते. नेपाळमधल्या एका शाळामास्तराने ती 2003 सालीच उतरवून दाखवली आहे. तो काही इंजिनियर नव्हता. त्याच्यापाशी पैसा नव्हता, आणि सुरुवातीला तर कायदाही त्याच्या बाजूने नव्हता. गरीब देशांतल्या लोकांनी आपल्या हाताने विणलेल्या इंटरनेटच्या जाळ्यांची कथा सांगायची तर ती महावीर पुन यांच्यापासूनच सुरू करावी लागते.

नेपाळच्या पश्चिम भागात म्याग्दी नावाचा जिल्हा आहे. एका बाजूला धौलागिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा. या दोन पर्वतरांगांच्या सावलीत सुमारे सात हजार फुटांवर नांगी हे मगर समाजाचे गाव आहे. येथली तरुण मुले पिढ्यान्‌पिढ्या गुरखा पलटणींत भरती होत आली. पुन यांचा जन्म येथे 1955 साली झाला. गावातल्या शाळेत वही-पेन्सिल ठाऊकच नव्हती. लाकडी फळी कोळशाने काळी करायची आणि मऊ चुनखडीच्या तुकड्याने तिच्यावर लिहायचे. आपल्याकडच्या धूळपाटीचीच ही बहीण. वडील स्वतः गुरखा शिपाई होते. पण मुलाने बंदूक न धरता पुस्तक धरावे असे त्यांना वाटले. त्यासाठी त्यांनी घर हलवून तराईत नेले आणि जवळचे सगळे मुलाच्या शिक्षणात घातले. पुढे मुलाने बारा-तेरा वर्षे मास्तरकी केली, धाकट्या भावंडांना शिकवले, आणि परदेशी विद्यापीठांना अर्जामागून अर्ज करत अखेर अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातले एक विद्यापीठ गाठले. 1992 साली पदवी घेऊन हा गृहस्थ परतला तो थेट नांगीला. गाव सोडून तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

अमेरिकेहून परतलेल्या माणसाने गावात काय करावे? पुन यांनी गावकऱ्यांबरोबर शाळा वाढवायला घेतली. हिमांचल हायस्कूल उभे राहिले. मास्तरांचा पगार निघावा म्हणून गावाने मुरंबे केले, लोकता नावाच्या झुडपाच्या सालीपासून हातकागद केला, पदभ्रमण करणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी तळ उभारला. 1997 साली ऑस्ट्रेलियातून चार जुने संगणक देणगी म्हणून आले. गावात वीज नव्हती, तेव्हा जवळच्या ओढ्यावर छोटे जनित्र बसवून तेवढ्यापुरती वीज केली. पुढे पुन यांनी इकडून-तिकडून सुटे भाग जमवले आणि लाकडी खोक्यांत बसवून आणखी संगणक तयार केले.

संगणक झाले, पण ते बाहेरच्या जगाशी बोलणार कसे? नांगीला टेलिफोन नव्हता. सर्वांत जवळचा मोटाररस्ता पायी सात तासांवर. स्वतःचे ई-मेल पाहायला पुन महिन्यातून एकदा पोखऱ्याला जात. एक दिवस चालायचे आणि मग बसने काही तास. घरच्या टपालाची वाट पाहणे आपल्या आई-वडिलांच्या पिढीला ठाऊक आहे. पण टपालपेटी उघडायला दोन दिवसांचा प्रवास, हे जरा अतीच झाले. उपग्रहाचा फोन घ्यायचा तर त्याचा खर्च शाळेच्या आवाक्याबाहेरचा. 2001 मध्ये त्यांनी बीबीसीला एक ई-मेल धाडला: आमच्या गावात इंटरनेट स्वस्तात आणायचे आहे, कुणाला काही युक्ती सुचते का? बीबीसीने ही हकीकत प्रसिद्ध केली आणि देशोदेशींहून सल्ले येऊ लागले. काही हौशी तरुण तर प्रत्यक्ष येऊन थडकले.

सुचलेली युक्ती अशी. घरात भिंतीपलीकडे जेमतेम पोहोचणारे जे वाय-फाय असते, त्याच्या लहरी चारी दिशांना पसरून विरून जातात. त्याच लहरी तबकडीने गोळा करून एका दिशेला सोडल्या, तर त्या काही मैल जातात. अट एकच. पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांची जागा थेट दिसली पाहिजे, मध्ये डोंगर नको. आपल्याकडे गडावरून गडावर इशारत देत त्यातलाच प्रकार. एका गडावरचा जाळ दुसऱ्या गडावरून दिसला की तिसऱ्यासाठी तेथे जाळ पेटवायचा. डोंगर हा एरवी इंटरनेटचा शत्रू. येथे तोच टेकू झाला. टीव्हीच्या जुन्या तबकड्यांचे अँटेना केले, ते उंच झाडांच्या शेंड्यांवर बांधले, मधल्या डांडावर (डोंगराच्या धारेला नेपाळी माणूस डांडा म्हणतो) एक टप्पा घेतला. तेथे वीज कोठून आणणार? सौर पट्ट्या लावल्या, बॅटऱ्या ठेवल्या, वाऱ्यावर फिरणारे छोटे चाकही बसवून पाहिले. 2003 च्या सप्टेंबरपर्यंत पोखऱ्याचे इंटरनेट हवेतून तीसेक किलोमीटर उडी घेऊन नांगीच्या शाळेत उतरले.

हे सांगायला सोपे आहे. त्या काळी नेपाळात माओवादी बंड पेटलेले होते. बिनतारी यंत्र दिसले की सरकारला वाटे हे बंडखोरांचे आणि बंडखोरांना वाटे हे सरकारचे. अशी यंत्रे देशात आणायला आणि वापरायला परवानगी लागे, आणि खेड्यातल्या मास्तरला ती कोण देणार? तेव्हा ती सरळ मित्रांच्या सामानातून, गुपचूप आली. आज ज्या कामासाठी पुन यांचा सत्कार होतो ते काम सुरुवातीची काही वर्षे चक्क बेकायदेशीर होते, हे सत्काराच्या भाषणांत बहुधा कोणी सांगत नाही. पुढे राजवट बदलली आणि 2006 मध्ये नेपाळ सरकारने वाय-फायच्या लहरी परवान्यातून मोकळ्या केल्या. 2007 मध्ये पुन यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जाळे पसरत शंभरावर गावांत पोहोचले. 2025 च्या सप्टेंबरात नेपाळात तरुणांच्या उठावानंतर जे हंगामी सरकार आले, त्यात शिक्षणखाते याच मास्तरांकडे सोपवण्यात आले.

पण पुरस्कारापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते ते, नांगीच्या आसपासच्या लोकांनी या तारेचे (तार नव्हतीच, पण शब्द दुसरा सुचत नाही) काय केले ते. वर कुरणांत याक राखणारा गुराखी महिनोन्‌महिने घरापासून दूर असे; तो खाली गावाशी बोलू लागला. एका गावातला गणिताचा मास्तर दुसऱ्या-तिसऱ्या गावातल्या मुलांना पडद्यावरून शिकवू लागला. आरोग्यकेंद्रातली कार्यकर्ती रुग्णाला कॅमेऱ्यासमोर बसवून पोखरा-काठमांडूच्या डॉक्टरांना विचारू लागली, याला खाली न्यायचे की येथेच औषध द्यायचे? दोन दिवस पाठीवरच्या डोक्यातून (तेथे आजाऱ्याला टोपलीत बसवून पाठीवर नेतात) उतरवायचे की नाही, हा ज्या गावात निर्णय असतो, तेथे डॉक्टरांचे एक वाक्य किती किमतीचे असेल! शहरात आपण इंटरनेट म्हणजे करमणूक समजतो. तेथे ते आधी पायपीट वाचवणारे साधन होते.

आणि दुरुस्ती? ही सगळी व्यवस्था उभी करणे जितके कठीण होते, त्याहून ती उभी ठेवणे कठीण. वाऱ्याने झाड हलले की अँटेना हलतो आणि समोरच्या शेंड्यावरची नजर चुकते. वीज पडली की यंत्र जळते. बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत म्हाताऱ्या होतात. बाहेरून आलेला गोरा मित्र तोवर आपल्या देशी परतलेला असतो. म्हणून पुन यांनी गावातल्याच पोरांना हे काम शिकवले, आणि गावाने वर्गणी भरावी असा आग्रह धरला. फुकट दिलेली वस्तू बिघडली की ती देणाऱ्याची असते. वर्गणीतून आलेली बिघडली की आपली असते. जगभरची अशी जाळी पाहिली तर त्यांतली कोणती टिकली आणि कोणती पहिल्याच पावसाळ्यात मेली, याचे उत्तर बहुतेक वेळा यंत्रात नसून येथे सापडते.

कुणी म्हणेल, हे गरीब नेपाळात ठीक. श्रीमंत देशांत कंपन्या असताना लोकांनी हे उद्योग का करावेत? तर आता थेट इंग्लंडला जाऊ. उत्तर इंग्लंडातल्या लँकेशायरमध्ये लून नदीचे खोरे आहे. हिरवी कुरणे, दगडी बांध, मेंढ्या, आणि एकमेकांपासून लांब-लांब असलेली शेतघरे. या लांब-लांब असण्यातच सगळी मेख होती. एका घरासाठी मैलभर केबल टाकायची तर कंपनीला परवडत नाही. शेतकऱ्यांच्या मुलांचा गृहपाठ आणि मेंढ्यांच्या नोंदी गोगलगायीच्या गतीने जात राहिल्या. अखेर 2011 साली या लोकांनी बी-फोर-आर-एन नावाची संस्था काढली. म्हणतात तिला ‘बार्न’, म्हणजे गोठा! तिची रचना वाचली तेव्हा मला हसू आले, कारण ती थेट आपल्या सहकारी संस्थेसारखी आहे. किमान शंभर पौंडांचा भाग घ्यायचा. भाग कितीही असोत, मत एकच. नफा लाटायचा नाही, तो पुन्हा गावाच्या कामात घालायचा.

हिशेब त्यांनी असा मांडला. केबल महाग नसते, खणणे महाग असते. त्यातही डांबरी रस्ता खणणे. मग रस्त्याने जायचेच कशाला? शेतातून जाऊ. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून चर खणायला फुकट परवानगी दिली आणि पुष्कळांनी स्वतःच्याच ट्रॅक्टरने चर खणले. खणणाऱ्याला मीटरमागे दीड पौंड. हवे तर पैसे घ्या, नाहीतर तेवढ्याचे भाग घ्या. ज्यांना कुदळ उचलणे झेपत नव्हते त्यांनी चहा आणि केक पुरवले. लंडनमधल्या घरांनाही तेव्हा दुर्मीळ असलेला सेकंदाला एक गिगाबिटचा वेग या मेंढपाळांना महिन्याला तीस पौंडांत मिळू लागला, आणि तोही दोन्ही दिशांना सारखा. दहा हजारांहून अधिक जोडण्या या संस्थेने दिल्या आहेत. स्पेनमधल्या कातालोनियात तर याहून आधी, 2004 मध्ये, ओसोना नावाच्या ग्रामीण भागात कंपनीची वाट पाहून कंटाळलेल्या लोकांनी छपरा-छपरावर अँटेना जोडत ‘ग्विफी’ हे जाळे सुरू केले. त्याच्या जोडण्या काही दशसहस्रांत गेल्या. पण त्या कथेत शिरलो तर जागा पुरणार नाही.

बार्नचे कागद वाचताना मनात सारखे येत होते ते आपले सहकारक्षेत्र. 1950 साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला. पुढे दूधसंघ झाले, पतसंस्था झाल्या, उपसा सिंचनाच्या सोसायट्या झाल्या. या संस्थांचे पुढे काय झाले याचा पंचनामा येथे नको. तो आपण रोजच्या पानांवर वाचतोच. पण चार गावांनी मिळून भाग काढायचे, सभासद नोंदवायचे, सचिव नेमायचा, वार्षिक सभेत भांडायचे, हे सगळे मराठी शेतकऱ्याला लँकेशायरच्या शेतकऱ्याहून पन्नास-साठ वर्षे आधीपासून येते. मग ऊस आणि दूध यांच्यासाठी जे जमले ते इंटरनेटसाठी का सुचले नाही?

अगदीच सुचले नाही असेही नाही. 1998 मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. वारणा सहकारी समूह, केंद्राची राष्ट्रीय सूचना-विज्ञान संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून सुमारे 70 गावांसाठी 54 संगणक-केंद्रे उघडली. पीकपाण्याची माहिती, बाजारभाव, सरकारी दाखले, सारे काही तेथे मिळणार होते. देशभर त्याचा बोलबाला झाला. पुढे अभ्यासकांनी जाऊन पाहिले, तर शेतकरी त्या केंद्रांत मुख्यतः एकाच कामासाठी येत होता: माझा ऊस किती टन भरला आणि पैसे किती झाले? 2006-07 च्या सुमारास संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी एक साधा मोबाइल ठेवून एसएमएसवर हीच माहिती देऊन पाहिली. काम भागले, आणि वीज नसली की बंद पडणाऱ्या संगणकापेक्षा बरेही झाले. काही जण याला अपयश म्हणतात. मला तसे वाटत नाही. ऊस-वजनाची चिठ्ठी ही वारणेच्या शेतकऱ्याची पायपीट होती आणि ती वाचली. मात्र ते जाळे कारखान्याचे राहिले, गावाचे झाले नाही. गल्ल्यामागे कारखान्याचा माणूस आणि गल्ल्यापुढे सभासद, ही रांग काही मोडली नाही.

दुसरा प्रयोग अधिक जवळचा, मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवरचा. पालघर तालुक्यात खामलोली, बहाडोली, ढुकटन ही गावे आहेत. मुंबईकरांना त्यांतली बहाडोली निदान जांभळांमुळे ठाऊक असावी. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्राममार्ग’ या नावाने येथे काम केले. त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट मोठी गमतीची आहे. दूरदर्शनसाठी आकाशात लहरींचा एक पट्टा राखून ठेवलेला असतो. खासगी वाहिन्या आपल्याकडे केबलने आणि तबकडीने येतात. त्यामुळे जमिनीवरून प्रक्षेपणासाठी ठेवलेल्या त्या पट्ट्याचा बराच मोठा भाग रिकामाच पडून असतो. म्हणजे गावात गायरान मोकळे आणि जनावरे भुकेली! या लहरींचा गुण असा की त्या वाय-फायसारख्या झाडापानांना अडत नाहीत, लांब जातात. झाडी दाट आणि पाडे विखुरलेले अशा मुलखाला याहून सोयीचे काय? खास प्रायोगिक परवाना काढून 7 गावां-पाड्यांत हा प्रयोग झाला. पुढे वाय-फायच्याच कुळातल्या, परवाना न लागणाऱ्या लहरी वापरून तो 25 गावांपर्यंत नेला. 2017 मध्ये मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत त्याला पहिला मान मिळाला.

मला त्यातले यंत्र नव्हे, हिशेबाची पद्धत आवडली. ग्रामपंचायतीने भांडवलात वाटा घालायचा, गावातल्याच तरुणाने जोडण्या द्यायच्या, पैसे गोळा करायचे आणि बिघाड काढायचा; मिळकत दोघांत वाटून घ्यायची. सरकारने 2011 मध्ये ठरवल्याप्रमाणे देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची केबल न्यायची योजना आहे. तिला आता भारतनेट म्हणतात. पण केबल पंचायतीच्या कचेरीपर्यंत येते. कचेरीला संध्याकाळी कुलूप लागते. पाडा तेथून दोन-तीन किलोमीटर, मध्ये ओढा आणि टेकडी. पंचायतीपासून पाड्यापर्यंतचा हा शेवटचा पल्ला कंपनीला परवडत नाही आणि सरकारला दिसत नाही. ग्राममार्गने हात घातला तो नेमका या पल्ल्याला.

कायद्याची आडकाठी नांगीइतकी आपल्याकडे राहिलेली नाही. वाय-फायच्या नेहमीच्या लहरी आपल्याकडे 2005 मध्ये मोकळ्या झाल्या, वरच्या पट्ट्यातल्या आणखी 2018 मध्ये. 2020 च्या डिसेंबरात केंद्राने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. तिच्यानुसार चहाच्या टपरीवाल्यालाही परवान्याशिवाय वाय-फाय विकता येते. अँटेना आता टीव्हीच्या तबकडीचा करावा लागत नाही, दुकानात तयार मिळतो. मोबाइलचे मनोरेही पुष्कळ ठिकाणी पोहोचले, आणि जेथे ते चांगले चालतात तेथे गावाने वेगळा खटाटोप करण्याचे काही कारण नाही. राहतात त्या डोंगरकुशीतल्या वाड्या, जेथे चाळीस घरांसाठी मनोरा उभा करणे कुणालाच परवडत नाही.

अशा एखाद्या वाडीची ग्रामसभा डोळ्यांपुढे आणून पाहा. यंत्राचा खर्च कुणीतरी देणगीदार देईल, देणगीदार मिळतात. अडते पुढे. महिन्याची वर्गणी किती? ज्याने भरली नाही त्याची जोडणी तोडायची का, आणि तो सरपंचांचा भाऊ असला तर? बॅटरीसाठी दरमहा बाजूला टाकायचे पैसे कुणाच्या नावे ठेवायचे? कोकणात नळपाण्याच्या योजनेवर पंचायतीने नेमलेला एक पाणी सोडणारा असतो. सकाळी टाकीवर जाऊन चावी फिरवतो, पाइप फुटला तर चिंधी गुंडाळतो, आणि पाणी आले नाही की साऱ्या गावाच्या शिव्या खातो. त्याला तुटपुंजे का होईना, मानधन मिळते. जून महिन्यात विजा चमकत असताना टेकडीवर जाऊन वाकडा झालेला अँटेना सरळ करणाऱ्यासाठी मात्र पंचायतीच्या अंदाजपत्रकात अजून रकाना नाही.